आमच्यात, तुमच्यात

लग्नाच्या याद्या करायला दोन्हीकडची माणसं जमलेली असतात. पोहे होतात, चहा होतो, मग कुणीतरी वही उघडतं. हॉलचं भाडं, पंगत की बुफे, कुणाकडून किती माणसं, मानपानाच्या साड्या किती. सगळं गोडीत चाललेलं असताना दहाव्या मिनिटाला एक शब्द हमखास ऐकू येतो. "आमच्यात सीमांतपूजन आदल्या दिवशीच असतं." "आमच्यात मुलाची उष्टी हळद मुलीकडे जाते." "आमच्यात मुलीच्या आईने अक्षता पडताना समोर थांबायचं नसतं." त्यावर समोरून उत्तर येतं, "हो का? आमच्यात असं काही नसतं. पण तुमच्यात असेल तर करू."

का असतं, हे मात्र कुणी विचारत नाही. एखाद्या कॉलेजकुमाराने विचारलंच, तर मावशी त्याच्याकडे पाहून म्हणते, "असतं तसं."

मानवशास्त्र नावाचा विषय नेमका या "असतं तसं"पाशी सुरू होतो. विद्यार्थ्यांना हा विषय शिकवायचा म्हटलं की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर दूरच्या बेटावरची पिसं लावलेली माणसं किंवा काचेच्या कपाटातली कवटी येते. कवटीचा या विषयाशी संबंध आहेच. माणसाची शारीरिक उत्क्रांती, जमिनीखाली सापडणारा त्याचा भूतकाळ, त्याची भाषा आणि त्याचं सामाजिक-सांस्कृतिक जगणं अशा चार वाटांनी हे शास्त्र माणसाकडे जातं. पण चौथ्या वाटेवर चालायला कुठल्याही बेटावर जावं लागत नाही. याद्यांची बैठकसुद्धा पुरते.

त्या बैठकीतला "आमच्यात" हा शब्दच पाहा. त्यात नेमके कोण येतात? कधी एक घराणं, कधी पोटजात, कधी गाव, कधी अख्खा कोकण किंवा अख्खा विदर्भ. बोलणारा ते सांगत नाही, ऐकणारा बरोबर ओळखतो. मराठीने तर ही कुंपणं व्याकरणातच घालून ठेवली आहेत. "आपण जेवायला जाऊ" म्हटलं की समोरचा माणूस धरलेला असतो. "आम्ही जेवायला जातो" म्हटलं की तो बाहेर. हिंदीतल्या "हम"मध्ये किंवा इंग्रजीतल्या "वुई"मध्ये हा भेद शब्दाने दाखवता येत नाही. तमिळ, तेलुगूसारख्या द्रविड भाषांत तो आहे आणि मराठीतला हा भेद त्यांच्या शेजाराचा ठसा मानला जातो. दिवसातून शंभर वेळा आपण हे दोन शब्द न चुकता वापरतो. शाळेत त्याचा तक्ता कुणी पाठ करून घेत नाही.

न शिकवता येणारं, न विचारता पाळलं जाणारं असं जे जे काही, ते टिपायचं कसं?

ओसरीवरून गावात

एकोणिसाव्या शतकात या विषयातले बरेच विद्वान घरच्या खुर्चीत बसून प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या हकिकती वाचत आणि त्यावरून जगभरच्या समाजांबद्दल सिद्धान्त मांडत. वसाहतींमधले अधिकारी थोडे पुढे गेले. ते बंगल्याच्या ओसरीवर गावकऱ्यांना बोलावून माहिती विचारत. मुंबईत १८८६ साली अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, ती याच काळात. माहिती खूप जमली, पण ती कशासाठी जमवली जात होती, हा प्रश्न होताच. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी तर माणसांची नाकं मोजण्यावर भर दिला. नाकाची रुंदी आणि जातीची उतरंड यांचा मेळ बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे म्हणणं आकडेवारीनिशी तपासायला घेणाऱ्यांत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये होते. केंब्रिजहून परतल्यावर मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सांभाळली आणि १९३२ च्या आपल्या जात आणि वंश या विषयावरच्या ग्रंथात दाखवून दिलं की रिस्लींचा हिशोब देशभर लागू पडत नाही. एकाच प्रांतातल्या वरच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जाती शरीराच्या मोजमापात अनेकदा एकमेकींच्याच जवळ निघतात.

दरम्यान अभ्यासाची रीतही बदलली होती. ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की हा जन्माने पोलिश संशोधक पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ऑस्ट्रेलियात होता. कागदोपत्री तो शत्रुराष्ट्राचा नागरिक. पण त्याला संशोधन चालू ठेवू दिलं गेलं. १९१५ ते १९१८ या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर दोन दीर्घ मुक्काम करून तो राहिला. गावाबाहेर नव्हे, गावात तंबू ठोकून. तिथली भाषा शिकला. सकाळी उठून कोण कुठे जातं, कोण कुणाशी भांडतं, बागेत काय चाललंय, हे रोज पाहत आणि लिहीत राहिला. १९२२ साली त्याचं पुस्तक आलं आणि तेव्हापासून लोकांच्या रोजच्या जगण्यात सामील होऊन निरीक्षण करणं ही या विषयाची ओळख बनली.

तो संत नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर १९६७ साली छापलेल्या खासगी डायरीत बेटावरच्या लोकांबद्दलची चिडचिड आणि तुच्छता ठिकठिकाणी सापडते. ती प्रसिद्ध झाल्यावर बरीच खळबळ उडाली. पण वर्गात ती डायरी उपयोगी पडते. पाहणारा माणूसही कुठल्यातरी "आमच्यात"मधून आलेला असतो, हे तिच्यातून लख्ख दिसतं.

इरावतीबाईंची वाट

महाराष्ट्रात हा विषय म्हटला की पहिलं नाव येतं ते इरावती कर्वे यांचं. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म आणि तिथल्या इरावती नदीवरून ठेवलेलं नाव. पुण्यात शिक्षण, मुंबईत घुर्यांच्या हाताखाली एम. ए. आणि मग पीएच. डी.साठी बर्लिन. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. पुढे नाझी राजवटीच्या वंशविचाराला ज्यांनी शास्त्राचा आधार पुरवला, त्यांतलं हे बडं नाव. कवटीच्या दोन बाजूंतली असमानता आणि वंश यांचा संबंध आहे का, हा इरावतीबाईंचा विषय होता. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. मार्गदर्शकाला काय ऐकायला आवडेल याची पर्वा न करता समोर दिसलं ते लिहायचं, हा धडा त्यांनी पंचविशीतच गिरवला होता.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला, तो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. पण सामान्य मराठी वाचकाला त्या ठाऊक आहेत 'युगान्त'मुळे आणि ललित लेखांमुळे. त्यांतला 'वाटचाल' हा वारीवरचा लेख निरीक्षण कसं करावं याचा वस्तुपाठ आहे. १९६२ साली त्याचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेतल्या एका नामवंत संशोधनपत्रिकेत छापलं गेलं. इरावतीबाई दिंडीबरोबर पंढरपूरला पायी गेल्या. पंढरीच्या वाटेवर चालणारे लोक ज्या प्रदेशातून येतात तो महाराष्ट्र, अशी त्यांना सुचलेली व्याख्या पुढे सगळीकडे उद्धृत होत राहिली.

तिच्याइतकी प्रसिद्ध न झालेली एक गोष्ट त्याच लेखात आहे. दिवसभर एकत्र चालणाऱ्या, एकाच तालावर तेच अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका मुक्कामावर पोचल्या की वेगवेगळा स्वयंपाक करत, वेगवेगळ्या पंगतीला बसत. इरावतीबाई दोन्हीकडे बसल्या, दोन्हीकडे जेवल्या आणि मधली ती जागा त्यांना सलत राहिली. भक्तीचं कौतुक करून लेख संपवणं सोपं होतं. त्यांनी चुलीही मोजल्या.

सासू आत्या कशी झाली?

विद्यार्थ्याला पहिला अभ्यास द्यायचा तर तो घरच्या शब्दांचा द्यावा. इंग्रजीत "आंट" म्हटलं की काम भागतं. मराठीत आत्या, मावशी, काकू, मामी या चौघी चार दिशांनी येतात आणि चौघींचे मानही वेगळे. भाच्याच्या बारशाला कुंची आणणारी आत्या वेगळी आणि सुट्टीत लाड करणारी मावशी वेगळी. नात्यांच्या शब्दांवरून समाजाची घडण वाचता येते, हे लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन अभ्यासकाने १८७१ सालीच दाखवलं होतं.

आता एक कोडं. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत, विशेषतः खेड्यांत, सून सासूला "आत्या" किंवा "आत्याबाई" म्हणते आणि सासऱ्याला "मामा" किंवा "मामंजी". का? सासू काही तिच्या वडिलांची बहीण नसते.

पण कधीकाळी असायची. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, काही ठिकाणी तर तिच्यावर भाच्याचा पहिला हक्क मानला जाई. मुलगा मामाच्या मुलीशी लग्न करतो, म्हणजे त्या मुलीची सासू तिची सख्खी आत्याच झाली. लग्न बाहेर केलं तरी हाक तीच राहिली. इरावतीबाईंनी या धाग्यावरून देशाचा नकाशाच मांडला. उत्तरेत अशी मामे-आतेभावंडांची लग्नं निषिद्ध. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याची मुलगी दोन्ही चालतात, काही समाजांत तर सख्ख्या भाचीशीही लग्न होतं. महाराष्ट्र मधोमध. इथे मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी सहसा चालत नाही. ज्या सीमेवर भाषा बदलतात, त्याच पट्ट्यात सोयरिकीचे नियमही बदलत जातात. बोहल्यावर मुलीमागे मामा का उभा राहतो, हा प्रश्नही मग तितका साधा राहत नाही.

एक रुपया वर

दुसरा अभ्यास आहेराचा. खेड्यातल्या लग्नात मांडवाच्या कडेला एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. कुणी किती दिले ते नावानिशी उतरवून घेतो, कधी कधी माइकवरून पुकारतोही. ही वही लग्नानंतर ट्रंकेत जपून ठेवली जाते. चार वर्षांनी त्या घरी कार्य निघालं की ती बाहेर येते, "त्यांनी पाचशे एक केले होते" हे पाहिलं जातं आणि तेवढाच किंवा थोडा जास्त आहेर होतो. वरचा एक रुपया कशासाठी, हेही विचारून पाहावं. घरोघरी वेगळी उत्तरं मिळतील.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉसने १९२५ साली भेटवस्तूवर एक दीर्घ निबंध लिहिला. मालिनोव्स्कीच्या ट्रोब्रियांड बेटांवर लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि पांढरी शिंपल्यांची कंकणं उलट दिशेने बेटाबेटांमधून फिरत असत. त्यांचा व्यवहारात उपयोग शून्य, ती कायमची ठेवून घ्यायचीही नाहीत. तरी लोक होड्या घालून समुद्र ओलांडत. मॉसने त्यावरून आणि इतर समाजांच्या माहितीवरून तीन बंधनं सांगितली. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. वस्तूच्या मिषाने फिरत असतं ते नातं.

शेजारणीकडून आलेला डबा आपल्याकडे रिकामा परत जात नाही. काही नाही तर चिमूटभर साखर तरी त्यात पडते. हिशोब पूर्ण फिटला तर संबंधही संपेल, म्हणून तो थोडा उरवून ठेवायचा. आणि पत्रिकेच्या तळाशी "कृपया आहेर आणू नये" असं छापणारं घर नेमकं काय करतं? खर्च वाचवतं की त्या वहीतून नाव काढून घेतं? अशी पत्रिका घेऊनसुद्धा लोक खिशात पाकीट ठेवूनच निघतात, हे निरीक्षण ज्याचं त्याने पडताळून पाहावं.

उष्टं, खरकटं आणि चवदार तळं

तिसरा अभ्यास स्वयंपाकघरातला, आणि हा जरा जपून करायचा. तोंड लागलेलं ते उष्टं. शिजलेलं अन्न चिकटलेलं भांडं खरकटं. रात्रीचं राहिलेलं शिळं. सोवळं-ओवळं वेगळंच. साबणाच्या जाहिरातीतल्या स्वच्छतेशी या शब्दांचा संबंध थोडाच आहे. घासून लख्ख केलेली चप्पल जेवणाच्या टेबलावर ठेवून पाहावी म्हणजे कळतं. डोक्यावर असेपर्यंत ज्या केसाला गजरा माळतात, तोच ताटात पडला की घास उतरत नाही. मेरी डग्लस या ब्रिटिश विदुषीने १९६६ च्या ग्रंथात हेच मांडलं. घाण म्हणजे जागा चुकलेली वस्तू आणि कुठल्या वस्तूची जागा कोणती, हे प्रत्येक समाज आपापलं ठरवतो.

वस्तूंना लावलेला हा नियम माणसांना लावला की काय होतं, हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्याल्यावर सनातन्यांनी गोमूत्र आणि शेण वापरून त्या तळ्याचं "शुद्धीकरण" केलं. गुरंढोरं पाणी पीत होती तेव्हा तळं बाटलं नव्हतं.

बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध त्याआधीपासूनचा आहे. कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला, तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. त्या काळचे पंडित जातीचं मूळ वंशात, धंद्यात, धर्मग्रंथात शोधत होते. बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते लग्नावर. आपल्यातच लग्न करणं, हे जातीचं मर्म. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या रूढी त्या कुंपणातली स्त्री-पुरुषांची संख्या जुळवून ठेवण्यासाठी आल्या, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पुन्हा याद्यांच्या बैठकीत येऊ. तिथे हळदीवर वाद झाला, सीमांतपूजनावर झाला, साड्यांवर झाला. ही दोन कुटुंबं समोरासमोर बसलीच कशी, हा विषय कुणी काढला नाही. तो बायोडेटाच्या पहिल्या दोन ओळींत केव्हाच मिटलेला असतो. २०११-१२ च्या राष्ट्रीय पातळीवरच्या पाहणीनुसार देशात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याने बैठकीत काय बोललं गेलं ते लिहावंच. पण जे बोलायची गरजच पडली नाही, त्यासाठी वहीत अर्धं पान मोकळं सोडावं.

पाहणारा कुठे उभा आहे?

घुर्यांचेच विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. पुस्तकात त्यांनी त्याला रामपुरा असं नाव दिलं. पुढे १९७० मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन केंद्रात या गावावर लिहीत असताना केंद्राला आग लावली गेली आणि वर्षानुवर्षं तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. श्रीनिवासांनी आठवणींवरून पुस्तक लिहिलं, ते १९७६ साली प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी कबूल केलं आहे की आपल्याला दिसलं ते गाव उच्चवर्णीय हिंदूच्या जागेवरून दिसलेलं आहे. गावचे लोक त्यांना ब्राह्मण म्हणूनच वागवत होते आणि काही वस्त्यांची दारं त्यामुळेच त्यांना पुरेशी उघडली नाहीत.

मराठीत याचं उदाहरण दोन पुस्तकं शेजारी ठेवून देता येतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. मराठी मुलखातल्या गावाची घडी, कुणबी, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते यांचा इतका बारीक तपशील आधी कुणी दिला नव्हता. कुणब्याच्या खळ्यावर कोण कोण येऊन काय काय मागून नेतं, हे आत्र्यांना अचूक दिसतं, आणि त्या भाराखाली वाकलेल्या शेतकऱ्याची त्यांना कळकळ आहे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. तीच व्यवस्था, पण आता मागणाऱ्या हातांच्या बाजूने. एका पुस्तकात बलुतं हा खळ्यावरचा खर्च आहे, दुसऱ्यात तो माणसाच्या मानेवरचा हात आहे. एकच पुस्तक वाचणाऱ्याला अर्धंच गाव दिसतं.

वही कशी लिहावी

एवढं कळल्यावर बाहेर पडायला हरकत नाही. जागा साधी निवडावी. एसटी स्टँड, रसवंतीगृह, गिरणीची रांग, लोकलचा डबा. तिथे एक तास बसावं. मोबाइल खिशात.

पहिली चूक हमखास होते ती न्याय करण्याची. "एक गरीब बाई बसली होती", "मुलं उद्धट होती" असं लिहिलं जातं. त्याऐवजी काय दिसलं ते लिहावं. बाईने पिशवी मांडीवर घेतली, बाकावर ठेवली नाही. बाक रिकामा असूनही ती टोकाला बसली. कंडक्टरला तिने "दादा" म्हटलं, त्याने तिला "मावशी". मुलाने समोरच्याला "काका" म्हटलं, त्या माणसाने कपाळाला आठी घातली. गरिबी, उद्धटपणा हे निष्कर्ष आहेत. ते नंतर, घरी गेल्यावर.

दुसरी गोष्ट, एकाच कृतीचे अर्थ अनेक. अमेरिकन अभ्यासक क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ साली डोळ्याच्या पापणीचं उदाहरण प्रसिद्ध केलं. पापणी आपोआप फडफडली की कुणी मुद्दाम डोळा मारला? की डोळा मारणाऱ्याची नक्कल केली? कॅमेऱ्यात तिन्ही सारखंच दिसेल. मराठी घरात चौथा अर्थही संभवतो. डोळा लवला, म्हणजे काहीतरी होणार. आणि उजवा की डावा, यावर चांगलं की वाईट ते ठरणार. हे सगळे थर उलगडून लिहायचे, तरच वर्णन भरीव होतं.

तिसरी गोष्ट, न लिहिलेले नियम शोधणं. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस टेकतो. रेल्वेने ती जागा दिलेली नाही, पण "जरा सरका" म्हटल्यावर नाही म्हणणारा प्रवासी डब्याच्या नजरेतून उतरतो. समोरच्याला "कुठे उतरणार?" विचारलं की जागेचा दावा लागतो. दरवाजात कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे नवख्याला एका दिवसात, बहुधा कोपरखळ्यांनी, कळतं. नियम कोणता, हे तो मोडला जातो तेव्हा सगळ्यात स्पष्ट दिसतं.

चौथी गोष्ट, बोलणं आणि करणं वेगवेगळ्या रकान्यांत लिहिणं. "आमच्याकडे मुलगा-मुलगी भेद नाही" हे एका रकान्यात. जेवणं झाल्यावर ताटं कुणी उचलली, शेवटी कोण जेवलं, हे दुसऱ्यात. घरच्यांना खोटं पाडायचा हा उद्योग नव्हे. माणसं स्वतःबद्दल जे मानतात तेही खरंच असतं, फक्त ते वेगळ्या जातीचं खरं असतं.

आणि आपलंच घर परकं करून पाहायचं असेल, तर होरेस मायनर यांची १९५६ सालची गंमत आठवावी. त्यांनी एका गंभीर संशोधनपत्रिकेत 'नासिरेमा' नावाच्या जमातीवर लेख लिहिला. हे लोक रोज तोंडात डुकराच्या केसांचा जुडगा घालून विधी करतात, भिंतीतल्या पेटीत जादूची औषधं साठवतात वगैरे. रोमन लिपीत 'नासिरेमा' उलटं वाचलं की 'अमेरिकन' होतं, आणि विधी म्हणजे दात घासणं. आपल्या घरातली सकाळ याच पद्धतीने एका पानात लिहून पाहावी. उंबरठ्यावर पांढऱ्या पुडीने रोज काढली जाणारी आणि रोज पायाखाली पुसली जाणारी आकृती, इथून सुरुवात करता येईल.

या सगळ्यात एक पथ्य मात्र कडक आहे. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना ते ठाऊक असावं. विचारून बसावं, नको म्हटलं तर उठावं. नावं बदलावीत. विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट वर्गात वाचून दाखवू नये. नाकं मोजणाऱ्यांनी ज्यांची नाकं मोजली, त्यांना कधी विचारलं नव्हतं.

पुढे शिकायचं असेल त्यांच्यासाठी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा विषय ऐच्छिक म्हणून घेता येतो. ज्यांना एवढ्यात कुठेच प्रवेश घ्यायचा नाही, त्यांनी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावं. अडकित्ते, दिवे, पानाचे डबे अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रांगाच्या रांगा तिथे आहेत. एकेकाळी त्याही कुणाला बघण्यासारख्या वाटत नव्हत्या.

भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८५ साली देशातल्या समुदायांची नोंद सुरू केली, तेव्हा यादी साडेचार हजारांच्या पुढे गेली. म्हणजे किमान तितके "आमच्यात". त्यांतलं निदान एक प्रत्येकाच्या घरात आहेच. पुढच्या कार्याला जाताना पाकिटाबरोबर एक छोटी वहीही खिशात ठेवावी, आणि पहिल्या पानावर तारीख, वेळ, जागा आणि आपण कुठे बसलो होतो, हे लिहायला विसरू नये.